लालबागची बंद झालेली पालिकेची मराठी शाळा - जुनी पटसंख्या कुठे मिळेल?

प्रश्न: आमची पहिली ते सातवीची शाळा कधीच बंद झाली. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये ठरलंय की तिचा इतिहास लिहून काढायचा, म्हणजे दरवर्षी पट किती होता, मुली किती, मुलं मूळची कुठली, हे सगळं. पण शाळेचं दप्तर, म्हणजे जुन्या नोंदवह्या, कुठे गेलं कुणालाच सांगता येत नाहीये. कुणाला माहितीये का?

उत्तर १: दादा आधी एक बघा, शाळा खरंच बंद झाली की समायोजन झालं? पालिकेच्या एकाच इमारतीत सकाळी एक दुपारी दुसरी, मराठी क्र. १, क्र. २, वर हिंदी-उर्दू अशा वेगवेगळ्या शाळा असायच्या आणि पट घसरला की कागदावर एक दुसरीत जोडायचे. तसं असेल तर जनरल रजिस्टर (प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची नोंदवही) त्या दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे मिळायला हवं. २०१२-१३ नंतर चालू होती तर युडायस कोडवरून (सरकारी शाळा-माहिती यादीतला शाळेचा नंबर) इयत्तावार पट, मुलं-मुली, एससी-एसटी-ओबीसी सगळं निघेल.

उत्तर २: जनरल रजिस्टरच बघा, त्यात खरा खजिना आहे. जन्मस्थळ, मातृभाषा, आधीची शाळा आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याकडची कुटुंबं होती, १९८२ चा गिरणी संप झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, कितीतरी घरं गावी गेली, पुढे चाळी पाडून टॉवर झाले तशी लोकं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. जे उरले त्यांनी पोरं इंग्रजी मीडियमला घातली. सगळे म्हणतात इंग्रजीनेच मराठी शाळा मारल्या, मला ते अर्धंच पटतं, वस्तीच उठली तर वर्गात बसणार कोण? तुम्ही १९८० ते ९५ चा 'कारण' रकाना मोजा, प्लीज, हे कुणीतरी करायलाच हवं.

उत्तर ३: रजिस्टर दाखवत नसतील तर पालिकेच्या शिक्षण विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. नावं आणि जात एकत्र मागू नका, खासगी माहिती म्हणून नाकारतील. वर्षवार आकडे मागा, आणि सोबत 'अभिलेख पाहणी' हा शब्द लिहा म्हणजे स्वतः बसून बघता येतं.

प्रश्नकर्ता: उत्तर २ वाल्या ताईंचं 'कारण' रकान्याचं डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेचा क्रमांक आणि रजिस्टर नंबर दोन्ही आहेत, तेच अर्जात टाकतो. समायोजन कुठल्या शाळेत झालं ते त्याच इमारतीत सोमवारी विचारून येतो.