ग्रामसभेला माणसं का येईनात?

रानवाट
२६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेलो होतो. गावात मतदार दीड हजाराच्या वर, झेंडावंदनाला मैदान भरलेलं, पण पोरांना खाऊ वाटून झाला की सगळे पांगले आणि सभेला आम्ही बावीस जण उरलो. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नाही म्हणून सभा तहकूब. पुढच्या तहकूब सभेला कोरम लागतच नाही, तिथं चौदा जणांत घरकुलाची यादी मंजूर. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्यांना, आईनं पण केली, कशावर केली विचारलं तर म्हणे "पंचायतीचं हाय कायतरी". हीच माणसं मतदानाला उन्हात दोन-दोन तास उभी राहतात. मग लोकांचा सहभाग कमी झालाय म्हणायचा का नाही?

सह्यकडा
मतदान तर वाढलंय. विधानसभेला २०१९ ला ६१ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२४ ला ६६. कमी झालंय ते मत दिल्यानंतरचं विचारणं. कोरम म्हणजे १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. म्हणजे तुमच्याकडे फक्त शंभर माणूस हवं होतं, तेवढं जमू नये हे वाईट आहे.

माजी_सदस्या
मी पाच वर्षं सदस्य होते म्हणून सांगते, लोकांना दोष देऊ नका. सभा सकाळी अकराला, तेव्हा बायका खुरपणीला गेलेल्या असतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. आम्ही एकदा रात्री आठला शाळेच्या व्हरांड्यात घेतली तर साठ जणी आल्या, वरच्या आळीला पाणी चढत नाही यावर तासभर बोलल्या, एक म्हातारी रिकामी कळशीच घेऊन आली होती. ठराव झाला, लिहिला, आणि पुढं काहीच नाही. पुढच्या वेळी अकरा जणी आल्या. मी कुठल्या तोंडानं बोलवायचं त्यांना?

वैनगंगा
ताई, अगदी खरं. आमच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू कधी तोडायचा, कुणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवते, तेही सर्वसहमतीनं. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. तिथं सभा चुकवली तर आपल्याच पोटापाण्याचा निर्णय आपल्याशिवाय होतो, मग माणूस येणार नाही तर काय करेल.

पेठकर
शहरात तर विचारायला माणूसच नव्हता. पुणे-मुंबईच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ ला संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला, मधे सगळा कारभार प्रशासकाकडे. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज दोन पावसाळे तुंबत होतं, ॲपवर तक्रार टाकायची आणि "निराकरण झाले" असा मेसेज वाचायचा, पाणी दारात तसंच.

रानवाट
ताई, १ मेच्या सभेत मागच्या सगळ्या ठरावांचं काय झालं ते एकेक करून विचारायचं म्हणतोय. आधी काय करू?

माजी_सदस्या
आत्ताच प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदीच्या, नकलेसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाही दिली तर माहिती अधिकार. आणि आईंना सोबत न्या, सही त्यांची आहे.