नेवाडातल्या दुर्गम धावपट्ट्या ग्लायडर उतरवण्याजोग्या आहेत का, हे आधी कसे तपासावे?

सह्यवारा

नमस्कार. ग्लायडिंगचे सुरुवातीचे शिक्षण मी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर घेतले. तिथे विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ग्लायडर ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, वर जायचे आणि धावपट्टी सतत नजरेच्या टप्प्यात ठेवायची, ही शिस्त अंगवळणी पडली होती. आता पश्चिम नेवाडातल्या मिन्डेनहून 18 मीटर पंखविस्ताराचे ग्लायडर उडवतो आणि या उन्हाळ्यात पूर्वेकडे लांब पल्ल्याची उड्डाणे करण्याचा विचार आहे. वर्ल्डवाइड सोअरिंग टर्नपॉइंट एक्सचेंज या वेबसाइटवरून वेपॉइंटची, म्हणजे नकाशावर नोंदवलेल्या ठिकाणांची, फाइल घेतली आहे. तिच्यात कच्च्या धावपट्ट्या आणि कोरडी तळी उतरण्याजोगी म्हणून नोंदवलेली आहेत. पण काही नोंदींत लांबी आहे आणि रुंदी नाही, तर काहींत शेवटची पाहणी कधी झाली याचा उल्लेख नाही. अशा नोंदींवर कितपत विसंबावे, घरबसल्या काय तपासता येते आणि कशासाठी तिथे जावेच लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घिरट्या

आधी रुंदी पाहा. चांगले एअरब्रेक असलेल्या ग्लायडरला त्या भागात लांबी सहसा पुरते. घात होतो तो कडांवर. रँचवरच्या पट्ट्या दहा-अकरा मीटर पंखांच्या लहान इंजिनाच्या विमानांसाठी केलेल्या असतात आणि त्यांतल्या अनेक विमानांचे पंख केबिनच्या वर असतात. आपले पंख त्यांच्यापेक्षा बरेच लांब आणि जमिनीच्या जवळ. वेग कमी होऊन एक पंख कलला आणि कडेला गुडघाभर सेजब्रश असला, की टोक झुडपात अडकते, ग्लायडर गर्रकन फिरते आणि शेपटीचा दांडा मोडण्याची वेळ येते. त्याहून फसवा असतो ग्रेडरने, म्हणजे जमीन सपाट करणाऱ्या यंत्राने, मागे सोडलेला मातीचा बांध. पट्टी नुकतीच साफ केलेली आहे म्हणून आपण निश्चिंत होतो, पण तिच्या दोन्ही कडांना दगडगोट्यांसह घट्ट झालेली वरंब्यासारखी रांग राहते आणि ती वरून पाहताना अजिबात उठून दिसत नाही. 18 मीटरच्या ग्लायडरसाठी मी 30 मीटर मोकळी जागा धरतो.

गूगल अर्थवर मोजपट्टीने रुंदी मोजता येते आणि रेघ ओढून उंचीचा आलेखही काढता येतो, त्यामुळे चढ-उताराचा अंदाज येतो. चित्राची तारीख मात्र न चुकता पाहा आणि जुनी चित्रे एकापुढे एक लावून झुडपे पट्टीत शिरत आहेत का, हे तपासा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या चित्रात खांबांच्या सावल्या लांब पडतात, त्यांवरून वीजवाहिनीचा मार्ग कळतो. कुंपणाची तार दिसत नाही. ती पाहायला पायीच जावे लागते.

उष्णतेचाही हिशेब करावा. सहा हजार फूट उंचीच्या पट्टीवर 30 अंश सेल्सिअस तापमान असेल, तर घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची, नऊ हजार फुटांच्या पुढे जाते. वेगमापकाच्या काट्यावर नेहमीचाच वेग दिसत असला तरी जमिनीवरचा वेग समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे 15 टक्क्यांनी आणि उतरल्यावरची धाव सुमारे 30 टक्क्यांनी वाढते. मागून वारा असल्यास ती आणखी लांबते, आणि दुपारनंतर पश्चिमेकडून येणारा वॉशो झेफर मिन्डेनच्या परिसरात जोरकस असतो. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) नसलेल्या पट्टीवर त्या वेळी कोणत्या दिशेने उतरायचे, हे आधीच ठरवून ठेवा.

कोरडे तळे

कोरड्या तळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वरून ती जगातली सर्वांत सुरक्षित धावपट्टी वाटतात. 2023च्या सप्टेंबरात ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅन चालू असताना पाऊस आला आणि हजारो लोक गाड्यांसह तिथेच अडकले, हे आपण सर्वांनी बातम्यांत पाहिले. तोच चिखल ग्लायडरच्या चाकालाही धरतो. पाऊस थांबल्यावर वरची पापडी वाळून पांढरी होते, खाली मात्र ओल टिकून राहते आणि चाक पापडी फोडून रुतते. सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते. 10 मीटरच्या बारकाव्यात कुंपण दिसत नाही, पण पाणी कुठवर पसरले होते आणि गडद भाग कधी फिका झाला, हे स्पष्ट कळते. मी उड्डाणाच्या आठवड्यात ती पाहतोच.

प्रत्यक्ष गेल्यावर टाचेने जमीन दाबून पाहा आणि हे मध्यभागीही करा, कारण काठ आधी वाळतो. उतरताना गाड्यांच्या चाकोऱ्यांना किंवा काठाला समांतर राहावे. सपाट पांढऱ्या पृष्ठभागावर उंचीचा अंदाज फार चुकतो आणि नजरेला काहीतरी आधार लागतो.

सह्यवारा

दोघांचेही मनापासून आभार. खासगी रँचवरच्या पट्टीसाठी मालकाशी आधी बोलणे व्यवहार्य आहे का?

घिरट्या

व्यवहार्यच नव्हे, आवश्यक आहे. पट्टी वापरात आहे का, गुरे मोकळी सोडतात का, फाटकाला कुलूप असते का आणि ट्रेलर तिथवर येईल का, याची उत्तरे कोणतेही चित्र देत नाही. टो-विमान बोलावून बाहेर पडू, असे गृहीत धरू नका. उष्ण दुपारी त्या उंचीवर ग्लायडर ओढून उड्डाण करायला उतरण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते.

पाहणी झाली की नोंदीत तारीख, मोजलेली रुंदी, दोन्ही कडांना काय आहे आणि किती पंखविस्तारासाठी जागा योग्य वाटली, एवढे लिहून फाइल सांभाळणाऱ्यांना कळवा. तुमच्याच भरवशावर दुसरा कोणी तिथे उतरणार असतो. जी जागा तपासली नाही, तिचा कप (.cup) फाइलमधला, म्हणजे वेपॉइंटच्या फाइलमधला, प्रकार 3 (बाहेर उतरण्याची जागा) वरून बदलून 1 (साधा वेपॉइंट) करा. म्हणजे फ्लाइट कॉम्प्युटर तिला उतरण्याच्या जागांत धरणार नाही आणि उंची कमी होत असताना पडद्यावर तिचे नाव पर्याय म्हणून पुढे येणार नाही.