मालवणच्या स्नॉर्केलिंगमध्ये माशांना पाव टाकणं बंद व्हावं का?

चिवलेकर पाहुणा
सलग नवव्या वर्षी मालवणला जाऊन आलो. तिथल्या चिवला किनाऱ्याची पांढरट वाळू, समोर खडपांचा म्हणजे समुद्रातल्या खडकांचा आडोसा, त्यामुळे लाट अंगावर येत नाही. सकाळी सातला पाण्यात शिरावं आणि तासभर निवांत पोहावं. दर डिसेंबरात इथे सागरी जलतरण स्पर्धा भरते, ती उगीच नाही.

तक्रार आहे ती सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या स्नॉर्केलिंगची, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्याखाली पाहण्याची. या खेपेला लेकीला घेऊन गेलो. होडीवाल्याने खडपावरच नांगर टाकला. शेजारी आणखी आठ-दहा होड्या. तिला रिंग दिली, तोंडात नळी दिली, आणि डोकं पाण्यात जाताच समोर भिजलेल्या पावाचा लगदा. काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने आले, फोटो निघाले, दहा मिनिटांत "चला वर". शेजारचा एक गृहस्थ दमला म्हणून प्रवाळावर पाय रोवून उभा राहिला. त्याला कुणी हटकलं नाही.

१९८७ साली जाहीर झालेलं हे सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम तीन, आणि सिंधुदुर्ग किल्ला त्या गाभ्यातच येतो. वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत आहे. ताडोबात वाघापुढे मटण टाकून फोटो काढलेला चालेल का आपल्याला? माझं स्पष्ट मत: पाव बंद, खडपावर नांगर बंद, आणि पोहता न येणाऱ्यांना प्रवाळावर नेणंही बंद.

गाबीतवाडा
दादा, तुमची लेक दहा मिनिटांत वर आली याचं वाईट वाटलं. पण आमची बाजू ऐका. जून ते ऑगस्ट हा धंदा बंद. उरलेल्या महिन्यांत पाणी नितळ असतं ते मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या सुट्टीत गर्दी येते तेव्हा कधी कधी हातभर पुढचं दिसत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजून विचारतं, "मासे कुठेत?" माझे बाबा आधी रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जायचे, आता होडी चालवतात. ते म्हणतात, "पाव टाकलो नाय तर मासो दिसतलो खय? आणि मासो दिसलो नाय तर पैसे कोण देतलो?" अभयारण्य झालं तेव्हाही मच्छीमारांचा विरोध होताच. नियम वरून येतो, पोट आमचं आवळलं जातं.

सातारची आजी
मी त्या "पोहता न येणाऱ्यां"पैकीच एक. वय ६३. आयुष्य विहिरीच्या काठावर गेलं, पण पाण्यात उतरायची परवानगी बायकांना नव्हती. गेल्या वर्षी त्या रिंगला धरून पाण्याखाली पाहिलं. निळा-हिरवा पोपटमासा खडकाला चोच मारत होता, आणि तो करकर आवाज मला ऐकू आला! बाहेर येऊन रडले मी. तुमचा तिसरा नियम असता तर समुद्र फक्त शहरातल्या तलावात शिकलेल्यांचा झाला असता. पावाचं म्हणाल तर तो मासा पावाकडे फिरकलाही नव्हता.

खडपातला खेकडा
आजी, मुद्दा नेमका तिथेच आहे. पोपटमासा खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणून प्रवाळाला जागा मोकळी राहते. पावाला चटावतात ते पट्टेवाले. सगळीकडे तेच घोळक्याने दिसायला लागले की बाकीचे मासे बाजूला पडतात. वर उरलेला पाव पाण्यात कुजतो आणि शेवाळालाच खत मिळतं. पावसाळ्याच्या गाळातून कसंबसं तगणारं आपलं प्रवाळ आहे हे. नांगर तर आणखी वाईट: एका ओढीत जे मोडतं ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

फुकेतवरून परत
थायलंडमध्ये एका बेटावरच्या माया बे या किनाऱ्यावर याहून कडक उपाय केला. तिन्ही बाजूंनी कडे, आत पांढरी वाळू. दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं यायची. २०१८ च्या जूनमध्ये चार महिन्यांसाठी म्हणून बंद केला, तो उघडला थेट २०२२ च्या जानेवारीत. आता होड्यांना आत प्रवेश नाही, त्या मागच्या बाजूला लागतात आणि माणसं चालत येतात. पोहायला बंदी, गुडघाभर पाण्यापर्यंतच जायचं. काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क किनाऱ्यालगत परत आलेत. मी पोहायलाच गेलो होतो, तरी मला राग आला नाही. मालवणचा गाभाही दोन-तीन वर्षं पूर्ण बंद ठेवावा.

गाबीतवाडा
त्या बेटावर गाव नाही, दादा. इथे मालवण आहे. साडेतीन वर्षं बंद ठेवलं तर तोवर आमच्या होडीचे हप्ते कोण भरणार?

चिवलेकर पाहुणा
आजी, तिसरा मुद्दा मी मागे घेतो. पोहता येतं की नाही, ही कसोटीच चुकीची होती. अंगात जॅकेट, सोबत जाणकार माणूस, आणि "पाय टेकायचे नाहीत" हे होडीतच बजावून सांगणं, एवढं पुरे. पण पाव आणि नांगर यांवर मी ठाम आहे. गाबीतवाड्याचं पोट त्या खडपावरच आहे. ते मेलं तर हप्ते फेडायलाही काही उरणार नाही. आणि सरसकट बंदीला माझा विरोध आहे. माणसं पाहायलाच आली नाहीत तर त्या खडपासाठी भांडणार कोण?

सातारची आजी
मला त्या होडीवरच्या पोराने आधी किनाऱ्यावर, कमरेइतक्या पाण्यात नळीतून श्वास घ्यायला शिकवलं होतं. वीस मिनिटं गेली त्यात. त्याने घाई केली असती तर मीही घाबरून पाय टेकलेच असते. त्या वीस मिनिटांचे वेगळे पैसे त्याने मागितले नाहीत, मी मात्र आनंदाने दिले असते.

गाबीतवाडा
आजी, हे पटलं. खडपाबाहेर पक्के बोये (होडी बांधायचे तरंगते गोळे) टाकून द्या, आम्ही होड्या त्यांना बांधू. नांगर ओढायचा त्रास आम्हालाही नकोच आहे. पावाचं मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी बंद करावं लागेल. मी एकट्याने बंद केला आणि शेजारच्या होडीत पाव असला, तर गिऱ्हाईक तिकडे जातं. मागच्या जानेवारीत आठवडाभर करून पाहिलंय.