दुकानाचं एकच गूगल खातं चौघं वापरतात, पासकी लावावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बार्शीला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. अप्पा आणि माझा चुलतभाऊ ते सांभाळतात. मी पुण्यात नोकरी करते, पण दुकानातलं संगणकाचं काहीही अडलं की फोन मला येतो. प्रश्न दुकानाच्या गूगल खात्याचा आहे. कंपन्यांचे मेल, दरपत्रकं, उधारीच्या शीट, परवान्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, सगळं त्या एकाच खात्यात आहे. ते वापरतात चौघं: अप्पा, भाऊ, काउंटरवरचा मुलगा आणि आठवड्यातून दोनदा येणारे हिशेबनीस. पासवर्ड चौघांनाही माहीत आहे, शिवाय काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला आहे.

आता हे बदलायचंच असं मी ठरवलंय. पेठेतल्या एका व्यापाऱ्याला एका कंपनीच्या नावानं मेल आला, लिंक उघडल्यावर हुबेहूब गूगलसारखं पान दिसलं. त्यांनी पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपीही टाकला. मग त्यांच्याच मेलवरून त्यांच्या गिऱ्हाइकांना बिलं गेली, फक्त बँक खात्याचा नंबर दुसराच होता. दोन गिऱ्हाइकांनी पैसे भरले. माणूस सावध आहे, व्यवहाराला चोख आहे. ओटीपी असूनही हे झालं याचा मला धक्का बसला.

म्हणून पासकीबद्दल वाचलं, म्हणजे पासवर्ड न टाकता फोनच्या लॉकनं लॉगिन करण्याची सोय. समजलं ते असं: खात्यासाठी किल्ल्यांची जोडी तयार होते. गुप्त किल्ली फोनमध्येच राहते, उघड किल्ली गूगलकडे जाते. लॉगिन करताना गूगल एक आकडा पाठवतं, आपण फोनचं लॉक उघडलं की फोन त्या आकड्यावर गुप्त किल्लीनं सही करून परत पाठवतो. ही किल्ली ज्या संकेतस्थळासाठी बनली तिथंच चालते आणि पत्ता तपासण्याचं काम ब्राउझर करतो. खोटं पान माणसाला कितीही खरं वाटलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. यामागचं वेबऑथन हे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं मार्च २०१९ मध्ये मान्य केलं, मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून पाठिंबा जाहीर केला आणि मे २०२३ पासून साध्या गूगल खात्यालाही पासकी लावता येते. म्हणजे गोष्ट नवखी नाही. मला ती मनापासून पटली आहे. अडतंय ते आमच्या काउंटरवर.

पहिलं म्हणजे अप्पांच्या फोनला स्क्रीनलॉकच नाही. फोन दिवसभर काउंटरवर पडलेला असतो, शेतकऱ्यांचे फोन येत असतात, जवळ असेल तो उचलतो. स्क्रीनलॉक नसेल तर पासकी तयारच होत नाही. बोटाचा ठसा लावू म्हटलं तर अप्पा तयार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. खताची विक्री आधारच्या अंगठ्यानं नोंदवणाऱ्या पॉस मशीनवर शेतकऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत हे ते रोज बघतात. राबून रेषा झिजलेला माणूस पुन्हा पुन्हा हात पुसून अंगठा दाबतो, मागं रांग थांबते. अप्पांची स्वतःची बोटंही तशीच झाली आहेत. "अंगठा नाही लागला तर माझंच दुकान मला बंद का?" असं त्यांनी विचारलं.

दुसरं, काउंटरवरचा संगणक विंडोज १० वर आहे आणि त्याला ब्लूटूथ नाही. फोननं क्यूआर स्कॅन करून लॉगिन करायला ब्लूटूथ लागतं ना?

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. पासकी एका माणसाची, एका फोनची असते. आमचं खातं चौघांचं आहे. चौघांच्या फोनवर वेगवेगळ्या पासकी करायच्या का? उद्या काउंटरवरचा मुलगा दुसरीकडे नोकरीला लागला तर?

आणि शेवटचं. पासकी लावली तरी पासवर्ड खात्यावर राहतोच असं दिसतंय. मग चोर पासकीच्या वाटेला न जाता पासवर्डच मागेल. अशानं फायदा किती?

कुणी छोट्या दुकानात किंवा संस्थेत हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लिहा.

मृण्मयी_ब

कातळशिल्प:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांना लागू आहे. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यातून सप्टेंबर २०२१ पासून पासवर्ड पूर्ण काढता येतो. गूगलमध्ये तो राहतो, फक्त शक्य तिथं पासवर्ड न विचारण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. तेव्हा असं करा: नवा, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड संगणकाकडूनच बनवून घ्या, कागदावर उतरवा आणि कागद तिजोरीत ठेवा. चौघांपैकी कुणालाही तो सांगू नका. जो पासवर्ड कुणाला पाठच नाही तो कुणी खोट्या पानावर टाकणार नाही. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू ठेवा आणि तिथं मिळणारे, फोन हाताशी नसताना चालणारे दहा बॅकअप कोड छापून त्याच तिजोरीत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

आता बोटाच्या ठशाचं. अप्पांना सांगा की पासकीला अंगठा सक्तीचा नाही. फोन ज्यानं उघडतो त्यानंच ती चालते, पिन किंवा पॅटर्नही पुरतो. पॉस मशीनवरचा अंगठा आधारच्या सर्व्हरकडे जाऊन तिथं जुळवला जातो. फोनवरची पडताळणी फोनच्या आतच होते, ठसा गूगलकडेसुद्धा जात नाही. आणि स्क्रीनलॉक लावलं तरी आलेला फोन लॉक न उघडता उचलता येतो. काउंटरवर फोन ठेवायला काहीच हरकत नाही.

टेंभुर्णीकर:
मी संगणक आणि मोबाइल दुरुस्ती करतो, म्हणून वेगळं मत मांडतो. पासकी चांगलीच आहे, पण ती हरवल्यावर काय करायचं हे लोकांना कुणी सांगितलेलं नसतं. माझ्याकडे लोक फुटलेला फोन घेऊन येतात आणि म्हणतात, लॉगिन होत नाही, काय केलं होतं ते आठवत नाही. "पासकी बनवा" असं पान समोर आलं, त्यांनी पुढे-पुढे दाबलं. ती फोनमध्ये गेली, संगणकात गेली की क्लाउडवर, काही ठाऊक नाही. आयफोनवरून अँड्रॉइडवर आलेल्यांचे हाल तर फार झाले, कारण ॲपलच्या कीचेनमधल्या (पासवर्ड साठवण्याच्या सोयीतल्या) पासकी इकडे आणता येत नव्हत्या. पासकीची मानकं ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेनं ने-आण करण्याच्या पद्धतीचा मसुदा ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला, ॲपलनं आयओएस २६ मध्ये ती सोय दिली. म्हणजे इतकी वर्षं माणूस एकाच कंपनीत अडकून होता.

वयस्कर माणसाला ओटीपी कळतो. आकडा आला, आकडा टाकला. तुमच्या अप्पांवर हे लादायच्या आधी विचार करा, एवढंच म्हणणं.

ओंटारियोवासी:
टेंभुर्णीकर, रिकव्हरीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटतं, पण ओटीपी सगळ्यांना सोपा आहे हे नाही पटत. आम्ही परदेशात राहणारे भारतातल्या बँकेचा ओटीपी रोमिंगवर येण्याची वाट बघत बसतो, आणि तो वेळेत आला नाही तर व्यवहार बुडतो. ओटीपी म्हणजे सिमकार्ड. सिम बंद पडलं, बदललं किंवा दुसऱ्यानं फसवून काढून घेतलं की सगळं त्याच्या हातात. आणि मृण्मयीनं लिहिलेल्या प्रसंगात ओटीपी होताच की. माणसानं तो स्वतःच टाकला.

बँकांपुरतं सांगायचं तर रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले, लागू १ एप्रिल २०२६ पासून. एसएमएस ओटीपी त्यात बंद केलेला नाही, पण दुसऱ्या पद्धतींना वाट मोकळी आहे. आता बँका, विशेषतः लहान सहकारी बँका, किती लवकर बदलतात ते त्यांच्या सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांवर अवलंबून राहील.

वसुधा_क:
मी तालुक्याच्या ठिकाणी एका वाचनालयाचं काम बघते. तिथंही एक खातं आणि पाचसहा माणसं अशीच गत होती. मृण्मयी, चौघांच्या फोनवर एकाच खात्याच्या पासकी करू नका. ज्याच्या फोनवर पासकी तो खात्याचा मालक झाला, त्याला सगळ्या सेटिंगपर्यंत जाता येतं.

त्यापेक्षा चौघांची चार स्वतंत्र खाती असू द्या. बहुतेक प्रत्येकाचं असतंच. मग दुकानाच्या जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन या तिघाचौघांना प्रतिनिधी म्हणून जोडा. साध्या जीमेलला असे दहा जण जोडता येतात. ते दुकानाचे मेल वाचतात, पाठवतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत. हे संगणकावर ब्राउझर उघडून करा. ड्राइव्हवरचे फोल्डर ज्याला जेवढे लागतात तेवढेच शेअर करा. हिशेबनिसांना उधारीची शीट हवी, परवान्यांच्या प्रती कशाला? मुलगा सोडून गेला की त्याचं नाव काढायचं, बाकी कुणाचं काही बदलावं लागत नाही.

माल पाठवताना लागणारं जीएसटीचं ई-वे बिल करत असाल तर तिथंही हाच मार्ग आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सगळ्यांना द्विस्तरीय पडताळणी लागू झाली, तेव्हा अनेक दुकानांत मालकाचा फोन येईपर्यंत बिल अडायला लागलं. त्यावर उपाय उप-वापरकर्ता जोडण्याचा. प्रत्येकाचा मोबाइल वेगळा नोंदवता येतो.

दुकानाच्या मूळ खात्याची पासकी फक्त दोन फोनवर ठेवा, तुझ्या आणि भावाच्या. एक फोन गेला तरी दुसरा असतो.

मृण्मयी_ब:
वसुधाताई, मनापासून आभार. हे मला सुचलंच नव्हतं. मी एका खात्याला चार किल्ल्या कशा करायच्या हेच शोधत होते. कातळशिल्प, लॉक असताना फोन उचलता येतो हे आज अप्पांना सांगितलं. पॅटर्न लावायला तयार झाले आहेत.

दोन शंका उरल्या. काउंटरच्या संगणकाचं काय करू? आणि अप्पांनी नवा फोन घेतला तर त्यांच्या खात्याची पासकी आपोआप येते का?

कातळशिल्प:
संगणकावर विंडोज हॅलोचा, म्हणजे विंडोज उघडण्याचा, पिन लावून पासकी करता येते, तिला ब्लूटूथ लागत नाही. पण ती त्या संगणकातच राहते आणि पिन माहीत असलेला कुणीही ती वापरू शकतो. काउंटरवर पिन चौघांना कळणारच, म्हणून तिथं करू नका. यूएसबीत लावायचा ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. फोन आणि संगणक जोडून ठेवावे लागत नाहीत. ज्या फोनवर पासकी आहे तो खरंच जवळ आहे का, एवढंच ब्लूटूथ बघतं. नाहीतर लांबच्या भामट्यानं क्यूआरचा फोटो पाठवून सही करून घेतली असती. इंटरनेट मात्र दोन्हीकडे हवं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा संगणकाचाही विचार कधीतरी करा.

अँड्रॉइडवरच्या पासकी गूगल पासवर्ड मॅनेजरमधून नव्या फोनवर येतात, पण त्यासाठी गूगल खात्यात शिरता यायला हवं आणि जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न आठवायला हवा. म्हणजे खुद्द गूगल खात्याचीच पासकी असेल आणि फोन हरवला असेल, तर किल्ली ज्या कपाटात ठेवली त्याच कपाटाची ती किल्ली, अशी स्थिती होते. इथंच लोक अडकतात आणि टेंभुर्णीकर म्हणतात ते खरं होतं. गूगलनं २०१७ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना सुरक्षा किल्ल्या (पासकीसारखंच काम करणारी, यूएसबीत लावायची छोटी उपकरणं) सक्तीच्या केल्या. ८५ हजारांहून अधिक माणसं होती आणि कामाचं एकही खातं फसवणुकीनं गेलं नाही, असं कंपनीनं २०१८ मध्ये सांगितलं. पण किल्ली हरवली तर दुसरी देणारा विभाग तिथं आहे. दुकानात तो विभाग म्हणजे तुम्ही. अप्पांच्या खात्याचे बॅकअप कोडही छापून तिजोरीत ठेवा आणि रिकव्हरीसाठी तुमचा ईमेल नोंदवा.

टेंभुर्णीकर:
हे असं बसून करून देणारं कुणी असेल तर माझी हरकत नाही. एक भर घालतो. पासकी लावली किंवा पासवर्ड बदलला म्हणजे झालं असं समजू नका. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कुठल्या कुठल्या उपकरणांवर लॉगिन चालू आहे त्याची यादी असते. विकलेले जुने फोन, कुणाच्या तरी घरचा लॅपटॉप, असं बरंच निघतं. ओळखीचं नसेल ते सगळं साइन आउट करा. फॉरवर्डिंगचे नियमही बघा. एकदा खात्यात शिरलेला माणूस मेल स्वतःकडे वळवून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतं. त्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनाही हे तपासायला सांगा.

मृण्मयी_ब:
फॉरवर्डिंगचं त्यांना लगेच कळवते, ते त्यांनी पाहिलं नसणार. या रविवारी बार्शीला जातेय. आधी चौघांना प्रतिनिधी जोडते, ते नीट चालतंय हे बघून मग पासवर्ड बदलून चिठ्ठी काढून टाकते आणि शेवटी दोन फोनवर पासकी. क्रम बरोबर आहे ना?

वसुधा_क:
क्रम बरोबर. फक्त प्रतिनिधी जोडण्याचं रविवारवर ठेवू नकोस, पुण्याहूनच दोन दिवस आधी कर. ज्याला जोडलं त्याला मेल जातो, तो त्यानं आठवड्याच्या आत स्वीकारावा लागतो, आणि स्वीकारल्यावरही खातं दिसायला कधी कधी एक दिवस लागतो. हिशेबनिसांना आधी फोन करून सांग, नाहीतर अनोळखी मेल समजून ते पुसून टाकतील.