मदत हवी आहे: पीसीसाठी आवाज न करणारं कॅबिनेट (डबा) कुठलं घेऊ?

भावांनो, जरा सल्ला द्या. दोन वर्षांमागं घरीच पीसी जोडला, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, आणि तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून समोरून काच असलेलं, लायटिंगवालं स्वस्त कॅबिनेट घेतलं, तिथंच माती खाल्ली. समोर काच म्हणजे हवा आत जायला जागाच नाही, त्यामुळं रेंडर (पीसीला लई ताण देणारं काम) लावला की पंखे पिठाच्या गिरणीसारखे सुरू होतात. रात्री काम करतो, आजी त्याच खोलीत झोपते, ती म्हणते "बाळ, ते मिक्सर बंद कर की आता".

गंमत म्हणजे बाजूच्या पत्र्यावर बोट दाबून धरलं की निम्मा आवाज गप्प होतो, म्हणजे हार्ड डिस्कनं पत्राच थरथरतोय. आता रोज बोट धरून बसू का?

बी क्वाएटचं प्योर बेस ५०० बघितलंय, १४० एमएमचे दोन पंखे येतात, मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो हे पटतं. पण आवाज दाबायला आतून फोम लावलेल्या अशा बंद कॅबिनेटमध्ये एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड तापणार नाही का? का सरळ समोरून जाळीवालं घेऊन बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे तापमानानुसार ठरणारा पंख्यांचा वेग, खाली आणू? कोल्हापुरात रंकाळ्याकडं घर आहे, रस्ता उकरलाय, धूळ लई, त्यामुळं फिल्टर सहज निघणारा पायजे. बजेट आठ हजार, फारच चांगलं असलं तर नऊ.

राजारामपुरीत कुठं प्रत्यक्ष बघायला मिळंल का, का ऑनलाइनच मागवू?