शब्दचर्चा : एकही वाद्य नसलेल्या 'कॉन्सर्टो'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ : मंडळी, अडले आहे. मुलगी प्रागला शिकते आणि तिथल्या एका हौशी कॉयरमध्ये गाते. तिनं मला एक ध्वनिमुद्रण पाठवलं. तीन पुरुषांचे आवाज, साथीला काही म्हणजे काही नाही, तंबोरासुद्धा नाही. एक आवाज वर चढतो, दुसरा त्याच्या खालून सरकतो आणि तिसरा जमिनीसारखा पसरलेला. चार दिवस दुसरं काही ऐकवेना. रचनाकार आर्तेम वेदेल, युक्रेनचा, अठराव्या शतकातला. ('वेदा'शी काही संबंध नाही, मी आधीच विचारून घेतलं!) पुढच्या शनिवारी आमच्या श्रवणमंडळात हे ऐकवायचं आहे आणि निवेदन मराठीत करायचं आहे. वेदेलच्या मोठ्या रचनांना 'कॉन्सर्टो' म्हणतात. मला व्हायोलिनचा कॉन्सर्टो माहीत आहे, एक व्हायोलिन आणि समोर सगळा वाद्यवृंद. इथे तर वाद्यच नाही. 'समूहगान' म्हणू का?

झीलकरी : समूहगान नको हो ताई. समूहगान म्हटलं की शाळेचं मैदान आणि झेंडावंदन डोळ्यांपुढे येतं. तिथे पन्नास जण एकच चाल गातात. तुम्ही सांगता त्यात प्रत्येक आवाजाची चाल वेगळी आहे. आपल्याकडे पोवाड्यात झील असते, पण झीलकऱ्याचं काम शाहिराची ओळ उचलून धरणं. तो स्वतःची वाट काढायला लागला तर शाहीर त्याला पुढच्या कार्यक्रमाला नेणार नाही. हे मी अनुभवावरून सांगतोय.

मांडवीपार : गोव्यात आम्हांला हा प्रश्न पडत नाही. मांडो मुळातच दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज बहुतेक वेळ तिसऱ्या स्वराच्या अंतरानं सोबत चालतो. चर्चमध्ये गाणाऱ्यांना सरळ 'कॉयर' म्हणतात. तोच शब्द ठेवा. 'कोरस' मात्र टाळा. मूळ ग्रीक शब्द नाचत-गात येणाऱ्या ताफ्यासाठी होता, युक्रेनियनमध्ये त्याचाच 'खोर' झाला. पण हिंदी-मराठी सिनेमानं कोरसला नायिकेच्या मागे उभं करून ठेवलं आहे. वेदेलमध्ये मागे कुणीच नसतं.

जुनी_पोथी : 'कॉन्सर्टो'चं मूळ गमतीचं आहे. लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ झुंजणं, वाद घालणं. इटालियनमध्ये तेच मिळून ठरवणं, जुळवून घेणं. दोन्ही अर्थ या प्रकाराला लागू पडतात. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत वाद्यं वाजवत नाहीत, माणसाचा गळा हेच वाद्य. मग झुंज कुणाची? दोन-तीन एकट्या आवाजांची आणि सगळ्या वृंदाची. एकटे आवाज काहीतरी मांडतात, वृंद त्यांच्यावर कोसळतो, पुन्हा एकटे. शब्द बहुतेक वेळा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले. याच्या आधी तिकडे 'पार्तेस' नावाची पद्धत होती, म्हणजे आवाजांचे वाटे पाडून गाणं. सतराव्या शतकात मिकोला दिलेत्स्कीनं त्या पद्धतीचं व्याकरणच लिहिलं. तेव्हा माझी सूचना : 'सवालजबाब'.

गोदाकाठ : अहो, पश्चात्तापाचं गाणं आहे ते! सवालजबाब म्हटलं की आमच्या मंडळातले दोन काका फेटे शोधायला लागतील.

जुनी_पोथी : लागू देत. पण मुद्दा मान्य. मग 'वृंदगान' घ्या आणि पुढे एक वाक्य खर्च करा. एका शब्दात सगळं बसवायचा हट्ट कशाला? बरं, पश्चात्तापाचं म्हणजे कोणतं? 'पोकायानिया ओत्वेर्झी मी द्वेरी' का?

गोदाकाठ : तेच! तुम्हांला कसं कळलं? मुलीनं अर्थ पाठवलाय : 'पश्चात्तापाची दारं मला उघड, हे जीवनदात्या.'

जुनी_पोथी : हा कॉन्सर्टो नव्हे, त्रिकूट, म्हणजे तीन एकट्या आवाजांची रचना. वेदेलचं त्रिकूट म्हणून तेच सगळ्यांत जास्त गायलं जातं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाशी जोडलेलं स्तोत्र आहे. भाषा युक्रेनियन नाही, चर्चची जुनी स्लाव्ह. आता ओळ हळू वाचा. 'द्वेरी' म्हणजे द्वार. उसना शब्द नव्हे, एकाच मूळ भाषेतून दोघांकडे आलेला. 'मी' म्हणजे मला, आपला 'मी' नव्हे, संस्कृतातल्या 'मे'चा भाऊ. पुढे 'झिझ्नोदाव्चे' येतं. त्यातला पहिला तुकडा आपल्या 'जीव'चा नातलग, दुसरा 'दा'चा, म्हणजे देण्याचा. तुमच्या मुलीनं 'जीवनदात्या' लिहिलं तेव्हा तिनं भाषांतर केलं नाही, चुलत बहिणीला बोलावलं.

गोदाकाठ : अंगावर काटा आला. एवढे दिवस ऐकत होते आणि 'द्वेरी' कानावरून गेलं!

वसईचा_वारा : 'पश्चात्ताप' बरोबर आहे. आमच्या वसईच्या चर्चमध्ये त्या उपवासाच्या दिवसांना 'प्रायश्चित्तकाळ' म्हणतात, पण प्रायश्चित्त हे करायचं असतं, पश्चात्ताप होतो. दार उघडायची विनवणी होणाऱ्या गोष्टीसाठीच असणार.

मांडवीपार : वेदेलबद्दल निवेदनात दोन ओळी तरी घाला, नाहीतर लोक दिलेत्स्कीलाच वेदेल समजतील. जन्म कीवचा, १७६७. कीव-मोहिला अकादमीत शिकला, स्वतः टेनर, म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, गायचा. त्याच्या रचनांत टेनरला इतकं घाम काढणारं काम का असतं, ते यातच आलं. खार्किवमध्ये वृंद चालवला. १७९७ मध्ये रशियाच्या झार पावेलनं उपासनेत असे कॉन्सर्टो गाण्यावर बंदी घातली. १७९९ मध्ये वेदेलला वेडा ठरवून कीवच्या किरिलिव्ह मठातल्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. नऊएक वर्षं तिथे. १८०८ मध्ये गेला. रचना छापल्या गेल्या नाहीत, गाणारे हातानं उतरवून घेत राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वृंदसंचालक ओलेक्सांद्र कोशित्सनं त्या पुन्हा गाऊन घेतल्या.

झीलकरी : म्हणजे छापखान्याशिवाय शंभर वर्षं. वह्या उतरवणारे आमच्याच जातकुळीचे.

जुनी_पोथी : वेदेलच्या स्वतःच्या हातची, बारा कॉन्सर्टोंची वही मात्र टिकली. कीवच्या व्हेर्नाद्स्की राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

गोदाकाठ : निवेदनात हे लिहिलं : 'आता ऐकू या आर्तेम वेदेल यांचं तीन आवाजांचं वृंदगान. वाद्य एकही नाही. तीन आवाज तीन वाटांनी एकाच दाराशी येतात. ते दार कसलं, ते ओळीतल्या "द्वेरी" या शब्दावर कान ठेवला की कळेल.' कॉन्सर्टो पुढच्या महिन्यात ऐकवीन, तेव्हा सवालजबाबाचा विचार करू. एकच शंका राहिली. 'झिझ्नोदाव्चे'मधला पहिला झ झाडातला की झेंड्यातला?

जुनी_पोथी : दोन्ही नाही. 'श' म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि घशातून आवाज सोडा.

गोदाकाठ : स्वयंपाकघरात करून पाहिलं. आमचे हे विचारताहेत, मिक्सर बिघडला का.