मदत हवी: क्रूझच्या केबिनमधल्या बाथरूमला गटाराचा वास

अपर्णा_पुणे
बार्सिलोनाहून सुटलेल्या क्रूझवर आहोत. केबिनच्या बाथरूममध्ये घाणेरडा वास येतोय आणि दार उघडलं की पार पलंगापर्यंत पसरतो. सांगितलं की स्टुअर्ड येतो, सुगंधी फवारा मारतो आणि जातो. तासाभरात वास पुन्हा हजर. केबिन बदलून मागितली तर जहाज भरलंय म्हणतात. सासूबाईंना मळमळतंय. काय करू ते पटकन सांगा. 'तक्रार करा' असं कृपया लिहू नका, ती करून झालीय.

पाना_पकड
वास कसला? कुजक्या अंड्याचा असेल तर सांडपाण्याची लाइन. डोळ्यांत चुरचुरणारा, अमोनियाचा असेल तर कमोडच्या बुडाशी किंवा सीटच्या बिजागरीत साठलेला लघवीचा क्षार. कुबट असेल तर शॉवरचं पाणी उंबरा ओलांडून बाहेरच्या कार्पेटमध्ये मुरलंय. तिन्हींचे उपाय वेगळे. दिवसभर येतो की ठरावीक वेळी? आणि जमिनीवर जाळ्या किती आहेत?

फिरस्ता
खालच्या डेकवर केबिन घेतली की हे होणारच, सगळं पाणी खालीच उतरतं. पुढच्या वेळी वरच्या डेकवरची, मधल्या भागातली बाल्कनीवाली घ्या.

जुना_नाखवा
डेकचा दोष नाही, फिरस्ता. प्रत्येक बाथरूमच्या मोरीखाली तिचा स्वतःचा ट्रॅप असतो, म्हणजे थोडं पाणी कायम साचून राहील अशी खोलगट जागा. त्यातलं पाणी टिकलं तर वास अडतो, नाही टिकलं तर सर्वांत वरच्या डेकवरही लाइनमधली हवा थेट केबिनमध्ये येते.

अपर्णा_पुणे
कुजक्या अंड्याचाच आहे. पहाटे आणि संध्याकाळी जास्त. जाळी शॉवरमध्ये आहे, पण तिथे रोज सगळ्यांच्या अंघोळी होतात, ती कोरडी कशी पडेल? माझा संशय कमोडवर आहे. फ्लश केलं की केवढा मोठा आवाज येतो.

मालवणी_तडका
मोरीत अर्धी वाटी खायचा सोडा आणि वर वाटीभर व्हिनेगर ओता. अर्ध्या तासाने कडकडीत उकळतं पाणी. वास जागच्या जागी मरतो. व्हिनेगर बुफेवर मिळेल, सोडा किचनमध्ये मागा.

जुना_नाखवा
तडका, उकळतं पाणी नको. ट्रॅप प्लॅस्टिकचा असतो आणि त्यातलं रबरी रिंग गरम पाण्याने बसकण मारतं, मग वास कायमचाच. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस दिसतो, पण केसांवर साचलेला साबणाचा थर तसाच राहतो.

ताई, कमोडचा आवाज व्हॅक्यूमचा आहे. लाइनमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.४ ते ०.५ बार कमी ठेवलेला असतो, म्हणून लिटर-सव्वा लिटर पाण्यात काम भागतं. व्हॉल्व्ह उघडला की हवा आत ओढली जाते. म्हणजे व्हॅक्यूम शाबूत असताना त्या लाइनमधला वास बाहेर येऊच शकत नाही. फ्लश न करताही सतत सूं असा आवाज येत असेल किंवा फ्लश लागतच नसेल, तरच कमोडकडे बघा. सूं आवाज म्हणजे डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या रबरात काहीतरी अडकलंय, बहुतेक वेळा वाइप किंवा कापूस.

शॉवर आणि बेसिनचं पाणी मात्र वेगळ्या लाइनने, उताराने जातं. तिथे व्हॅक्यूम नाही, फक्त ट्रॅपमधलं पाणी. माझं बोट तिकडे आहे.

समुद्रपक्षी
सासूबाईंना आल्याचा तुकडा चघळायला द्या. जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर क्षितिज दिसेल असं बसवा. पोट रिकामं ठेवू नका. पुस्तक, मोबाइल बंद.

अपर्णा_पुणे
त्यांना बोट लागलेली नाही. वासाने मळमळतंय. बाहेर डेकवर गेल्या की एकदम ठीक असतात.

पाना_पकड
जाळ्या किती, हे अजून सांगितलं नाहीत. केबिनची बाथरूम कारखान्यात अख्खी तयार होऊन जहाजात बसवली जाते. त्यात बऱ्याचदा दोन जाळ्या असतात: एक शॉवरमध्ये, दुसरी कोरड्या भागात, बेसिनखाली किंवा कमोडच्या मागे. दुसरीत कोणी पाणी टाकतच नाही, लादी फडक्याने पुसली जाते. एसीची कोरडी हवा आणि वरचा एक्झॉस्ट मिळून तिच्या ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. शिवाय फरशीखाली जागा कमी म्हणून हे ट्रॅप उथळ असतात, जहाज हेलकावलं की आहे तेवढं पाणीही सांडतं.

आणखी एक. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलाय का? वास अडवायला लोक हमखास कोंबतात, आणि नेमकं उलट होतं. छतातला एक्झॉस्ट त्या फटीतून केबिनची हवा ओढून घेतो. फट बंद झाली की तो तीच हवा मोरीतून ओढतो.

फिरस्ता
माझ्या मते दार सताड उघडं ठेवावं, वास साचत नाही.

पाना_पकड
उघडं ठेवलं तर वास पलंगाकडे जाणार, ताईंची तक्रार तीच आहे. दार लावून ठेवा, फट मोकळी. आधी एक्झॉस्ट तपासा: टॉयलेट पेपरचा एक चौकोन छतावरच्या गोल तबकडीला लावून सोडा. चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. पडला तर तबकडी धुळीने भरलीय किंवा कोणीतरी ती फिरवून बंद केलीय. स्वतः फिरवू नका, पूर्ण डेकचं संतुलन त्यावर बसवलेलं असतं.

अपर्णा_पुणे
टॉवेल होता! काढला. पेपर चिकटतोय. दुसरी जाळी सापडली, बेसिनखाली कचऱ्याच्या डब्यामागे, तळहाताएवढी. नाक जवळ नेलं तर डोकंच फिरलं.

पाना_पकड
तिच्यात एक लिटर पाणी हळूहळू ओता, पिण्याच्या बाटलीने. धबकन ओतलं तर ते पुढे वाहून जातं, ट्रॅपमध्ये थांबत नाही. मग झिपच्या पिशवीत अर्धा लिटर पाणी भरून ती जाळीवर आडवी ठेवा, वजनाने ती भोकं झाकते. दार लावून अर्धा तास थांबा. वास गेला तर उगम तोच. नाही गेला तर पिशवी शॉवरच्या जाळीवर ठेवा. बेसिनच्या कडेखालचं जादा पाण्याचं भोकही विसरू नका. तिथे आत काळा बुळबुळीत थर साचतो. जुना टूथब्रश आणि हात धुवायचा साबण पुरे.

मालवणी_तडका
पाण्यावर दोन चमचे तेल सोडा, म्हणजे उडणार नाही.

जुना_नाखवा
जहाजावर नको. बऱ्याच नव्या जहाजांवर मोरीचं पाणीही जिवाणूंच्या टाकीतून शुद्ध होतं. तेल, फिनाइल, ब्लीच तिथे पोहोचलं की तेच जिवाणू मरतात. आणि ब्लीच कुठल्याही ॲसिडवाल्या क्लीनरशी कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. एवढ्याशा बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

फिरस्ता
शुद्ध वगैरे कागदावर. रात्री सगळं समुद्रात सोडतात, संध्याकाळचा वास त्याचाच.

जुना_नाखवा
नियम वाचा. मार्पोल, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढेच, जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना, हळूहळू सोडता येतो. बारीक करून निर्जंतुक केलेला असेल तर ३ मैलांपुढे. अंघोळीच्या पाण्याचा त्या परिशिष्टात समावेश नाही, हे खरं, आणि त्यावर भांडायला माझी ना नाही. पण पहाट-संध्याकाळच्या वासाचं कारण साधं आहे: त्या वेळी शेजारपाजारच्या केबिनमध्ये अंघोळी चालतात आणि लाइनमधली हवा ढकलली जाते. एसीच्या झडपेतूनही वास येत असता तर टाकीच्या व्हेंटचा, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपचा, संशय घेतला असता.

अपर्णा_पुणे
पाणी ओतल्यावर रात्रभर वास नव्हता, सासूबाई शांत झोपल्या. सकाळी मात्र पुन्हा थोडा आला, आणि बाजूच्या केबिनमधला शॉवर चालू झाला की त्या छोट्या जाळीतून गुडगुड आवाज येतो.

पाना_पकड
गुडगुड म्हणजे शेजारचं पाणी जाताना तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतंय. एकतर पुढची लाइन केसांनी अर्धी तुंबलीय, किंवा ट्रॅपमधली वाटी जागेवर नाही. साफ करताना वाटी काढून परत न बसवणं फार सर्रास होतं. टॉर्च मारून बघा: जाळीखाली उलटी वाटी दिसायला हवी, नुसता काळा पाइप दिसला तर ती गायब आहे. जाळीचे स्क्रू स्वतः काढू नका.

गेस्ट सर्व्हिसेसला फोन करून 'वास येतो' म्हणू नका, त्यावर फवारेवालाच येतो. सांगा: बेसिनखालच्या फ्लोअर ड्रेनचा ट्रॅप पाणी धरत नाही, गुडगुड आवाज येतो, प्लंबर पाठवा. हे शब्द जसेच्या तसे नोंदवायला सांगा आणि जॉब नंबर मागा. तोवर रात्री झोपताना एक लिटर पाणी आणि वर पिशवी.

जुना_नाखवा
जोडून एक. कोणाचं डोकं दुखायला लागलं किंवा डोळे झोंबले तर लगेच केबिनबाहेर पडून कळवा. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे हाच कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, अगदी थोडा असतानाही नाकाला कळतो, पण प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो.

अपर्णा_पुणे
वाटी नाहीये! पाइपच दिसतोय. फोन केला, प्लंबर दुपारी येणार आहे.

मालवणी_तडका
तेल-पाण्याचं गावच्या बंद घरातल्या नहाणी ट्रॅपला तरी चालेल ना? गणपतीला दार उघडलं की हाच वास असतो.

पाना_पकड
तिथे चालेल. निघताना ट्रॅप पाण्याने पूर्ण भरा, वर दोन-तीन चमचे कुठलंही खायचं तेल घाला, फक्त खोबरेल नको. खोबरेल थंडीत गोठतं. कमोडमध्येही तेवढंच, झाकण लावून.